रोहिणीतली बाग

पाहुण्यांना बाग दाखवायला बोलवायचं ते श्रावणात, नाहीतर शेवंती फुलली की मार्गशीर्षात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाग बघायला कुणी येत नाही. आलंच कुणी, तर फाटकापासून ओसरीपर्यंतचं अंतर डोक्यावर पदर नाहीतर रुमाल धरून घाईघाईनं तोडतं आणि आल्याआल्या पंख्याखालची जागा धरतं. वरवर पाहता बघण्यासारखं काही नसतंच. कर्दळीच्या पानांच्या कडा करपलेल्या, जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा मावा, वाफ्यातली माती भेगाळलेली. तुळशीला दोन वेळा पाणी घातलं तरी दुपारी ती मान टाकते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, ७-८ जूनला मृग लागतो. आमच्या सातारा भागात या मधल्या दिवसांत बोलण्याचा विषय एकच असतो. केरळात आला का, कारवारला आला का, आपल्याकडे कधी. माणसं आभाळाकडे बघत असतात आणि बागेकडे कुणाचंच लक्ष नसतं.

मला बागेचा हाच पंधरवडा वर्षातला सर्वांत श्रीमंत वाटतो. पावसाळ्यात जे जे डोळ्यांत भरतं, त्या सगळ्याची तयारी याच उन्हात चाललेली असते. पाऊस आला की सगळं आपोआप उगवतं, जिवंत होतं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याआधी कितीतरी जिवांनी आपापली कामं वेळेत उरकलेली असतात. उशीर झाला तर त्यांना पुढच्या वर्षापर्यंत सवलत नसते, आणि काहींना तर पुढचं वर्षच नसतं.

हे पाहायचं तर आधी नळाजवळ जाऊन बसावं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी एक नळ आहे. त्याच्या खाली हातभर जागा कायम ओली असते. एरवी या ओलीकडे कुणी ढुंकून पाहणार नाही, पण रोहिणीत बागेतली सर्वांत गजबजलेली जागा हीच. ऊन चढायला लागलं की सातेरी मधमाश्या येतात. विहिरीच्या दगडी बांधकामातल्या एका कपारीत त्यांचं पोळं आहे. दगडाच्या ओल्या कडेवर ओळीनं बसून, पोटं हलवत त्या पाणी ओढून घेतात, जड होऊन उडतात आणि थोड्या वेळानं परत येतात. हे पाणी नुसतं तहानेसाठी नसतं. पोळ्यात वाढणाऱ्या पिल्लांना ३४-३५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. बाहेरचा पारा ३९ वर गेला की पोळं तापतं. मग पाणी आणणाऱ्या माश्या घरातल्या माश्यांना थेंब देतात, त्या ते पोळ्याच्या घरांवर पसरतात, आणि बाकीच्या पंखांनी सारखा वारा घालत राहतात. विहिरीच्या काठाशी कान दिला तर ती घरघर ऐकू येते. भर दुपारी अख्खं गाव दारं लावून पडलेलं असताना विहिरीच्या भिंतीत कुणीतरी आपली पिल्लं थंड ठेवत असतं.

नळावरची दुसरी गिऱ्हाईक कुंभारीण. बारीक कंबरेची, लांब पायांची ही माशी पाणी पोटात भरून घेते आणि दोन हातांवरच्या कोरड्या मातीवर जाते. तिथं ती पाणी ओकते, जबड्यानं आणि पुढच्या पायांनी माती कालवते, तिची गोळी वळते आणि उचलून नेते. तिची घरं आमच्या ओसरीच्या तुळईखाली असतात. गोल पोटाचं, वर अरुंद गळा आणि गळ्याला बाहेर वळवलेला काठ असलेलं मडकं, आकारानं जेमतेम हरभऱ्यापेक्षा मोठं. मडकं झालं की ती आत एक अंडं बारीक धाग्यानं लोंबकळत ठेवते. मग अळ्या शोधून आणते आणि गळ्यातून आत सारते. या अळ्या मेलेल्या नसतात. मेल्या तर उन्हात कुजून जातील. डंखानं त्यांची हालचाल तेवढी बंद केलेली असते, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला शेवटपर्यंत ताजं अन्न मिळतं. मडक्यात पुरेशा अळ्या भरल्या की तोंड मातीनं बुजवून ती निघून जाते. जे पिल्लू बाहेर येईल त्याची आणि तिची भेट कधीच व्हायची नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण तुळईखाली मान वर करून उभं राहिलं आणि त्या काठाला शेवटची गोळी लावून ती काठ फिरवताना पाहिलं, तेव्हा वाचलेल्यातलं काहीच आठवलं नाही. हात जोडावेसे वाटले.

नळाच्या शेजारी आत्यानं मातीचं पसरट परळ ठेवलं आहे. त्यात चार दगड आहेत. दगड नसतील तर माश्या बुडतात. परळावरचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. बुलबुलांची जोडी पिऊन जाते, मग साळुंक्या येतात आणि सगळं पाणी पंखांनी उडवून अंघोळ करतात, मग खार. कावळा कुठून तरी भाकरीचा वाळका तुकडा आणतो आणि त्यात भिजत घालतो. सरडा मात्र उन्हं कलल्यावर येतो. वर्षभर मातकट असणारा नर या दिवसांत गळ्यापासून खांद्यापर्यंत लालभडक होतो. कुंपणाच्या दगडावर चढून पुढचे पाय वर-खाली करत तो आपली हद्द सांगत असतो. लहान मुलं त्याला घाबरतात, दगडही मारतात. तो रंग विषाचा नाही, विणीचा आहे, हे पोरांना कुणीतरी सांगितलं पाहिजे. मी सांगत असते.

नळाकडून मागे वळलं की आमचा रायवळ आंबा. हापूस-पायरीचा बहर ओसरायला लागतो तेव्हा घाटमाथ्याकडचे रायवळ पाडाला लागतात. दिवसा पोपट आणि खारी, रात्री वटवाघळं. सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेले आंबे, चोखून टाकलेल्या कोयी आणि सालींचा सडा असतो. त्यावर माश्या, मुंग्या, काळे-तपकिरी भुंगेरे. आत्या रोज झाडते आणि रोज म्हणते, “आंब्यानं नुसता पसारा मांडलाय.” हा पसारा मी फार दिवस नुसता पाहत होते. मग हळूहळू मला त्याची तारीख दिसायला लागली.

आंब्याची कोय वाळली की मरते. गहू, ज्वारी, घेवडा यांचं बी वर्ष-दोन वर्षं कणगीत ठेवता येतं. कोयीचं तसं नाही. तिच्या आत पाण्यानं आणि अन्नानं भरलेला गर असतो, आणि ते पाणी एका मर्यादेखाली गेलं की आतला जीव संपतो. जांभळाच्या बीचं असंच, फणसाच्या आठळीचं असंच. कडुनिंबाची पिकली निंबोळीसुद्धा दोन-तीन आठवड्यांत उगवायची ताकद घालवून बसते. या झाडांना बी साठवून ठेवायची सोयच नाही. पडलेल्या बीला थोड्याच दिवसांत ओल मिळाली पाहिजे. मिळाली तर मात्र हीच मोठी, रसरशीत बी फार कामाची ठरते, कारण तिच्याजवळ पहिल्या दोन-तीन महिन्यांची शिदोरी असते. कोंब लगेच फुटतो आणि पावसाळा संपेपर्यंत मूळ इतकं खोल जातं की पुढचा उन्हाळा रोपाला काढता येतो.

म्हणजे फळ पिकायची वेळ एकच, पावसाच्या तोंडावरची. तिथून उलटा हिशेब केला की मोहोर पौष-माघातच का येतो ते कळतं. थंडीच्या धुक्यानं मोहोर जळतो, वाऱ्यानं झडतो, तुडतुडे लागतात, तरी झाड तो पुढे ढकलत नाही. ढकलून चालणारच नाही. आंब्याला आपण उन्हाळ्याचं फळ म्हणतो. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर ते पावसाचं फळ आहे. जांभूळ, करवंद, निंबोळी ही सारी पावसाचीच फळं. आपल्याला वाटतं, देवानं माणसाच्या जिवाला उन्हाळ्यात गारवा म्हणून ती धाडली. पोपटालाही तसंच वाटत असेल. झाडाची नजर मात्र मृगावर असते. आणि पोपट, खार, वटवाघूळ, आम्ही, सगळे त्या गोड गराच्या लोभानं त्याची कोय थोडी लांब नेऊन टाकतो.

बहाव्याचा बेत अगदी वेगळा. फाटकाजवळचा आमचा बहावा मे महिनाभर पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो आणि त्याच फांद्यांवर मागल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा खडखडत असतात. शेंगेतली बी कठीण कवचाची. ती वाट पाहू शकते, वर्षानुवर्षंसुद्धा. एका मोसमात पाऊस दगा देईल, दोन मोसमांत देईल, तिचं काही अडत नाही. एकाच कुंपणात, एकाच उन्हात एक झाड तारखेला बांधलेलं आणि दुसरं तारखेतून मोकळं. दोघांचंही बरं चाललेलं आहे.

बहाव्याचं फूल जरा जवळून पाहा. पायाखाली सडा पडलेला असतो, त्यातलं एक उचललं तरी चालेल. त्यात दहा पुंकेसर असतात, पण ते सारखे नसतात. तीन लांबलचक आणि वर वळलेले, चार मध्यम, तीन अगदी आखूड. भुंगा येतो तो परागासाठी. मोठा, काळा, पंखांवर निळीजांभळी झाक असलेला हा भुंगा फुलाला असा लटकतो की सगळा घोस खाली वाकतो. मधल्या केसरांना धरून तो अंग थरथरवतो. त्याच्या गुणगुणण्याचा सूर त्या क्षणी एकदम चढतो, तो लांबूनही ओळखू येतो. त्या थरथरण्यानं केसरातले पराग बाहेर उडतात. मधल्या केसरांतले तो पोटाशी गोळा करून नेतो आणि लांब केसरांतले त्याच्या पाठीवर पडतात, जिथं त्याचे पाय नीट पोचत नाहीत. पुढच्या फुलाला जातात ते हे पाठीवरचे. खाण्यासाठीचे वेगळे आणि धाडण्यासाठीचे वेगळे. ही वाटणी बहाव्यानं फुलातच करून ठेवली आहे. भुंग्याला घालवू नये. जुन्या वाशांना तो भोकं पाडतो म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. आम्ही त्याच्यासाठी कुंपणाला दोन वाळकी लाकडं बांधून ठेवली आहेत.

पक्ष्यांच्या विणीबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. शिंजिराचं तेवढं सांगते. मधुमालतीच्या वेलाची एक वाळकी काडी ओसरीच्या कोपऱ्यात लोंबते. तिच्या टोकाला काहीतरी कचरा अडकलाय, असं वाटून ती काढून टाकायला कुणाचाही हात पुढे होईल. कोळिष्टकं, सालीचे तुकडे, वाळकी पानं, कागदाचा कपटा, अळ्यांची विष्ठा. एका बाजूला, वरच्या अंगाला, बोटभर भोक आणि त्यावर पुढे आलेली छोटी पडवी. हे शिंजिराचं घरटं. बांधणारी मादी, उबवणारीही तीच. नर वरच्या तारेवर बसून चिविट-चिविट करत असतो. उन्हात त्याचा काळा रंग निळाजांभळा झळाळतो. विणीचा मोसम उलटला की हा झगमगाट तो उतरवून ठेवतो. मग अंगावर मादीसारखा पिवळट तपकिरी रंग येतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा उरतो.

शिंजीर मध पिणारा पक्षी म्हणून आपण जास्वंद लावतो, घाणेरी ठेवतो. पण पिल्लांना नुसता मध देऊन भागत नाही. मादी कोळी आणते, बारीक अळ्या आणते, माश्या आणते, आणि दिवसभरात इतक्या फेऱ्या घालते की मोजायचं सोडून द्यावं लागतं. ज्या बागेत औषध मारून एकही किडा ठेवलेला नाही, त्या बागेत फुलं भरपूर दिसतील, पण शिंजिराची पिल्लं मोठी होणार नाहीत. शिंपी, वटवट्या, दयाळ, सगळ्यांचं हेच. म्हणून पान कुरतडलेलं दिसलं की मला आधी बरं वाटतं.

या कुरतडण्यावरून आमच्या घरात एकदा चांगलीच चर्चा झाली. कढीपत्त्याच्या झाडावर लिंबाळी फुलपाखरानं अंडी घातली होती. लिंबाळीची अळी लहान असते तेव्हा काळी-पांढरी असते, पानावर पक्ष्याची शिट पडली आहे असंच वाटतं, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तिला काडीनं डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं रंगीत शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आत्यानं फांदी वाकवून बघितली आणि म्हणाली, “अगं, सगळी पानं हिनंच खाल्ली, तर मी फोडणीला काय घालू?”

मी म्हटलं, “आत्या, आठ-दहा दिवसांत तिचा कोष होईल. मग झाड पुन्हा फुटेलच की.”

“तुझं शास्त्र खरं असेल बाई. पण कढी उद्याच करायचीय.”

शेवटी तिनंच तोड काढली. विहिरीकडचं झाड अळ्यांना आणि स्वयंपाकघरामागचं आम्हाला. आता स्वयंपाकघरामागच्या झाडावर अळी दिसली की ती स्वतः पानासकट उचलते आणि विहिरीकडे नेऊन ठेवते. गुलाबाचंही तसंच. पानांच्या कडांना कातरीनं कापल्यासारखे सुबक गोल कापे दिसायला लागले, तेव्हा शेजारच्या काकू रोग पडला म्हणून औषधाचं नाव विचारायला आल्या होत्या. तो रोग नव्हता. पानं कापणारी एक एकटी राहणारी मधमाशी असते. ती हे तुकडे नेऊन एखाद्या पोकळ काडीत त्यांच्या गुंडाळ्या करते आणि प्रत्येक गुंडाळीत परागाचा गोळा आणि एक अंडं ठेवते. काकूंना दुपारी खुर्ची टाकून बसवलं आणि दाखवलं. हिरवा तुकडा पायांत धरून उडणारी माशी एकदा पाहिल्यावर त्यांनी औषधाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला खरा राग येतो तो या दिवसांत सुरू होणाऱ्या साफसफाईचा. पाऊस तोंडावर आला की बंगल्या-बंगल्यांतून, सोसायट्यांतून पाला झाडून पेटवला जातो आणि रस्त्याकडेच्या झाडांवर करवती चालतात. मान्सूनपूर्व छाटणी म्हणतात तिला. धोक्याची फांदी काढावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण झाडं विणीनं भरलेली असतात नेमक्या त्या दिवसांत सरसकट फांद्या उतरवायच्या, ही कसली वेळ? तांबट वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला ढोली कोरतो. वाळकी फांदी पहिली जाते. कावळीचं घरटं याच दिवसांत भरलेलं असतं आणि त्यात कोकिळेचंही अंडं असू शकतं. फांदीबरोबर दोन्ही घराणी खाली येतात. हेच काम हिवाळ्यात, झाड नीट बघून केलं, तर किती जीव वाचतील. कोकीळ ऐकून आपण डोळे मिटतो, आणि तिचं पिल्लू ज्या फांदीवर वाढतं ती तोडायची वर्दी आपणच दिलेली असते.

पाला जाळणं तर त्याहून वाईट. आमच्या आंब्याखाली वीतभर पाला राहू देतो. सातभाई रोज तिथं येतात, कलकलाट करत एकेक पान उलटून बघतात आणि पुढे सरकतात. त्यांना तिथं काय सापडतं हे बघायचं तर हलक्या हातानं पाला बाजूला करावा. तळाशी पाला ओलसर असतो, वर ३९ अंश असले तरी. तिथं गोगलगायी शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून पडलेल्या असतात. ओल लागली की तो पडदा मोडून त्या चालू लागतात. एखादा भेक मातीच्या रंगाचा होऊन दबून बसलेला असतो. भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या असतात. आणि काजव्याच्या अळ्याही असतात, ज्यांची शिकार म्हणजे याच गोगलगायी. काजवा म्हणून उडायचे दिवस जेमतेम दोन-तीन आठवडे. त्याआधीचे कितीतरी महिने त्यानं ओल्या मातीत, पाल्यात अळी होऊन काढलेले असतात. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला लोक रात्रीचे गाड्या भरून जातात. जावं, जरूर जावं. पण घरचा पाला जाळून जाऊ नये.

ओसरीच्या वळचणीखाली माती पिठासारखी बारीक असते. तिथं वाटोळे, निमुळते खळगे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एक अळी जबडे उघडून, मातीत दडून बसलेली असते. खळग्याचा उतार असा असतो की मुंगीचा पाय पडला की माती घसरते. मुंगी वर चढू लागली तर अळी खालून माती उडवते आणि ती पुन्हा खाली येते. पुढे हीच अळी चतुरासारखी जाळीदार पंखांची होऊन रात्री दिव्याशी येते आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मेमध्ये असे खळगे अंगणभर असतात. पाऊस पडला की उघड्यावरचे मोडतात आणि वळचणीखालचे तेवढे राहतात. घरबांधणीची उत्तम जागा कोणती, हे त्या किड्यांनाही पावसानंच शिकवलेलं असणार.

संध्याकाळी वास सुरू होतात. मोगऱ्याच्या कळ्या दिवसाउजेडी उतरवायच्या, म्हणजे रात्री परडीत फुलतात. अनंत पहिल्या दिवशी पांढरा आणि दुसऱ्या दिवशी पिवळट. पांढऱ्या चाफ्याचा वास रात्री गडद होतो, आणि तो मोठ्या, वेगवान पतंगांना बोलावणं धाडतो. हे पतंग फुलासमोर हवेत थांबून सोंड आत घालतात, पण चाफ्याच्या फुलात मध नसतोच. पतंग रिकाम्या पोटी एका फुलावरून दुसऱ्यावर शोधत फिरतो आणि त्या शोधात चाफ्याचे पराग इकडून तिकडे नेतो. आम्ही जेवणं झाली की ओसरीचा दिवा मालवतो. दिवा चालू असला तर पतंग त्याच्याभोवतीच घुटमळत राहतात आणि काजव्याची नर-मादी एकमेकांची खूण ओळखू शकत नाहीत. अंधाराला डोळे सरावले की कुंपणाजवळ एक हिरवट ठिपका पेटतो आणि विझतो. थोड्या वेळानं जमिनीलगत दुसरा.

फुटबॉल लिलीला कुणी पाणी घालत नाही. आफ्रिकेतून आलेला हा कंद दिवाळीनंतर जमिनीवर काही शिल्लक ठेवत नाही, आणि तो कुठं पुरला होता याचाही विसर पडतो. मग कोरड्या मातीतून एक दिवस नुसता दांडा वर येतो, पानाशिवाय, आणि त्याच्या डोक्यावर शेकडो तांबड्या फुलांचा गोल उमलतो. पानं मागून येतात. साधारण याच सुमाराला पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडायला लागतो, भल्या पहाटे, रात्रीसुद्धा. आणि एखाद्या सकाळी तारेवर काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक दिसतो. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून तो आफ्रिकेतून आलेला असतो. त्याचाही बेत ठरलेला असतो. पाल्यात कलकलाट करणाऱ्या सातभाईंच्या घरट्यात आपलं अंडं ठेवायचं, आणि ती घरटी पावसात भरतात.

वळीव येतो तो बहुधा दुपारी. आधी वारा पडतो, मग धुळीचा लोट उठतो, आंबे धडाधड पडतात, पत्र्यांवर गारा वाजतात. अर्ध्या तासात सगळं उरकून ऊन पडतं. मातीचा तो वास येतो. तो मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार करून ठेवलेला असतो आणि थेंब आपटल्यावर हवेत उधळतो. त्या वासाच्या मागावर मातीतले बारीक उड्या मारणारे किडे येतात आणि जिवाणूंचे बीजाणू अंगाला लावून पुढे नेतात. म्हणजे आपल्याला वेड लावणारा तो वाससुद्धा कुणाच्या तरी प्रवासाची सोय असते.

पण वळवाची खरी गडबड संध्याकाळी सुरू होते. विहिरीमागच्या वारुळातून पंखवाल्या वाळव्या निघतात. हे पंख त्या पावसात फुटलेले नसतात. वारुळाच्या आत त्या पंखांसकट कधीच्या तयार होऊन बसलेल्या असतात आणि कामकरी वाळव्या वाट मोकळी करून देतात ती पाऊस झाल्यावर. धूर निघावा तशा त्या वर चढतात. कोतवाल हवेतल्या हवेत टिपतो, वेडे राघू तारेवरून झेप घेतात, साळुंक्या आणि कावळे जमिनीवर धावतात, भिंतीवर पाली, पायरीवर भेक. रात्रीपर्यंत ओसरीवर नुसत्या पंखांचा खच पडतो. यातून वाचलेली एखादी जोडी पंख झटकून टाकते, एकामागे एक चालत मऊ मातीत शिरते आणि नवं वारूळ मांडते. दुसऱ्या सकाळी ओल्या मातीवर मृगाचे किडे चालायला लागतात, लाल मखमलीचे, बोटानं शिवलं की पाय आखडून घेणारे.

त्याच सकाळी आत्या फडताळातून बियांच्या पुरचुंड्या काढते. राखेत घोळवून ठेवलेलं दोडक्याचं, कारल्याचं, पडवळाचं, घेवड्याचं बी. खुरपं माझ्या हातात देते आणि मागून सूचना सुरू होतात.

“दोडका कुंपणाला टोच, कारलं विहिरीकडं. पडवळाला मांडव लागंल, त्याचं मग बघू. आणि ऐक, केळीच्या बुंध्याशी मोरीच्या पाण्यात एक कोय पडलीय. तिच्यावर पाय देऊ नकोस, तिला कोंब फुटलाय.”